उजेडाला धरून

कॉलेज टेकडीवर, मिल खाली नदीकाठी.
मधे बावीस मिनिटं, बर्फ असलं तर चाळीस,
आणि बाबांची जुनी पिकअप,
जिचा हीटर फक्त डाव्या पायावर मेहेरबान.

मुख्य विषयाच्या रकान्यात मी लिहिलं : इंग्रजी साहित्य.
बाबा म्हणाले, "इंग्रजी तर येते की तुला."
एवढंच. मग वायपर सुरू केले,
काच कोरडी होती तरी.

त्यांच्या लहानपणी घरात फ्रेंच.
शाळेत ती तोंडातून निसटली
की मधली सुट्टी भिंतीकडे तोंड करून.
हे मला त्यांनी नाही, सिल्वी आत्यानं सांगितलं,
दाताच्या दवाखान्यातल्या काउंटरमागून,
आणि लगेच विचारलं, "काय करणार गं त्याचं?"
मी रस्त्यावरचं एखादं पिल्लू उचलून आणल्यासारखं.

आमचं टेबल अठरा जणांचं. आम्ही पाच,
सहाव्या हॅस्केलबाई.
प्रत्येकाच्या वाट्याला दोन रिकाम्या खुर्च्या :
एकीवर कोट, एकीवर कोणीच नाही.
मंगळवारचा अख्खा तास बाई
एका अर्धविरामावर घालवतात.
"इथे तो थांबला कशासाठी?
श्वास घ्यायला, की खोटं जुळवायला?"
टोबायस म्हणतो, छापणाऱ्याची चूक असेल.
इंग्रिड चिडते, तिचा चष्मा नाकावरून घसरतो.
मी गप्प.
आमच्या घरी अर्धविरामांची ददात नाही;
बाबा वाक्य सुरू करतात, कॉफी ढवळतात,
उरलेलं वाक्य गुरुवारी येतं.

एकतीस वर्षं तीन नंबरच्या मशीनवर.
खिशावर शिवलेलं नाव आर्मंड,
घरात उच्चारायचं आर्माँ.
मिल बंद पडली तेव्हा मी अकरा वर्षांची.
गावाचा वास गेला एका महिन्यात,
तो कुजका, कोबीसारखा वास, ज्याला सगळे नाकं मुरडायचे.
मग लोक म्हणू लागले, हवा कशी बेचव झालीय.

मार्चमध्ये एकदा मी उशिरा उतरले टेकडी.
सीटवर राहिलेलं माझं पुस्तक बाबांच्या हातात.
वाचत नव्हते.
एक पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून
कापड पारखावं तसं चोळत होते.
मग काचेपाशी नेलं, उजेडाला धरलं.
"आमचा आहे," म्हणाले.
"स्प्रूसचा लगदा. त्या साली रूळ नवे होते,
डाव्या कडेला जरा दाट यायचा. हे बघ."
मला काहीच दिसेना. मग दिसलं.
ढगासारखं काहीतरी, कडेकडेनं.
मागच्या पानाची अक्षरं उलटी होऊन
पुढच्या ओळींतून चालली होती.
"चौऱ्याण्णव असेल," ते म्हणाले.
मी सालाचं पान उघडलं. पंच्याण्णव.
"मग वर्षभर गोदामात पडला असणार,"
मागे हटायला तयार नाहीत.

तीन वर्षं मी शिकतेय
ओळीच्या खाली काय आहे ते बघायला.
अगदी खाली काय आहे,
हे टेबलावर कुणी काढलं नव्हतं.

मंगळवारी मी वर्गात सांगितलं.
"ही समीक्षा आहे का?" टोबायसनं विचारलं,
खरंच विचारलं, खवचटपणे नाही.
हॅस्केलबाई उठल्या, खिडकीशी गेल्या,
आपली प्रत उघडून धरली.
त्यांचा अर्धविराम मागच्या पानावरच्या
कुठल्याशा अक्षराच्या पोटात बसला होता.
बाई बराच वेळ तशाच उभ्या.
हात थरथरत होते. वय, किंवा दुसरं काही.
तास संपला तेव्हा गृहपाठ द्यायला विसरल्या.

त्याच संध्याकाळी मी बाबांना म्हटलं,
घेऊन जा हे, वाचून बघा.
"वाचलं असतं गं," ते म्हणाले,
"पण"
आणि पुलाच्या चढावर गिअर बदलला.

बुधवारी बर्फ पडलं. चाळीस मिनिटं,
रेडिओवर हॉकी.

गुरुवारी, बंद मिलच्या फाटकासमोरून जाताना,
माझा उजवा पाय गारठलेला,
त्यांनी नदीकडे न बघता वाक्य पुरं केलं :
"आमच्याकडून निघायचं तेव्हा
सगळं कोरं असायचं."