नाव

श्लाय खाडीच्या काठी टेल्झे आस्मुसेन
पहाटे चारला धुरी पेटवते.
बीचचं लाकूड, थोडं ओलसर,
वर गजांना टांगलेल्या वामा.

दुकानाच्या पाटीवर जिल्ह्याचं जुनं नाव : आंगेल्न.
म्हणजे काय, गिऱ्हाईक विचारतं.
ती भिंतीवरचा गंजका गळ दाखवते.
म्हणजे हा.
किंवा ही जमीनच, समुद्राकडे
बोट वाकडं करून बसलेली.
पंडितांचं अजून एकमत नाही.
मासे दोन्हीकडे लागतात.

ते गेले इथूनच.
कुणी म्हणतं, खारं पाणी शेतात शिरलं म्हणून,
कुणी म्हणतं, पलीकडच्या कुणा राजानं
भाड्याच्या तलवारी मागवल्या म्हणून.
टेल्झेचं मत साधं आहे :
धाकट्यांच्या वाट्याला काही येत नव्हतं.
तिला स्वतःला तीन थोरले भाऊ.

धुरानं डोळे चुरचुरले की तिला एक बाई दिसते.
तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही,
टेल्झेनंच ठेवलंय : टिल्बुर्ग.
हाडाचे गळ घासून घासून
बोटांचे ठसे पुसले गेलेली.

मुलगा निघाला तेव्हा टिल्बुर्गनं त्याला
सात गळ दिले, लोकरीत गुंडाळून,
आणि गळ घातली, जाऊ नकोस.
सात घेतले त्यानं.
आठवी काठावर राहिली.

मग नाव हलली.
आधी ती गेली, ओकच्या फळ्यांची,
सांध्यांत डांबर आणि केस भरलेली.
मागून दुसऱ्या गेल्या, त्यांतून गुरं गेली,
बियाण्याची मडकी, जात्याची वरची तळी
(खालची जड म्हणून राहिली).
आणि मग ते नाव गेलं
ज्याला फळ्या नसतात, वल्ही लागत नाहीत,
जे माणसाच्या तोंडात बसून फुकट प्रवास करतं.

इथे गवत दारापर्यंत आलं.
पुढच्या उन्हाळ्यात चुलीपर्यंत.

तिकडे तिच्या मुलानं चिखलात खुंटा ठोकला
आणि समोरच्याला विचारलं, कोण रे तू परका?
समोरचा, टेल्झेच्या हिशेबी कुनोमाग्ल,
आपल्याच ओढ्यावर पाणी भरायला आलेला.
हातातलं भांडं खाली ठेवायचंही सुचलं नाही त्याला.
परका हा शब्द त्याला असा चिकटला
की त्याच्या नातवंडांच्या देशाला
शेजारी अजून तेच म्हणतात, वेल्स.
आणि ती नातवंडं शेजाऱ्यांना
अजून सॅक्सनच म्हणतात, चुकून नव्हे, ठरवून.
दोघांनी एकमेकांना नावं ठेवली.
नकाशावर तिसरंच चढलं :
सॅक्सन होते, ज्यूट होते, आणखी कोण कोण होते,
पण सगळ्या भूमीवर पाटी लागली
या वाकड्या बोटाएवढ्या मुलखाची.
का, ते टेल्झेलाही सांगता येत नाही.
लहान नाव तोंडात चटकन बसतं, एवढंच म्हणते.

मागच्या जुलैत नॉरफकहून एक निवृत्त मास्तर आले,
थर्केटल आडनावाचे, गुडघ्याला पट्टा.
दोन वामा घेतल्या, कागदात बांधून.
नेमके कुठून निघाले आमचे लोक, विचारलं.
टेल्झेला ठाऊक नव्हतं. तिनं उथळ पाण्याकडे
हात केला, तिथे बगळा उभा होता म्हणून.
ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.
बगळा उडाला तरी.

परत आले ते भिंतीपाशी.
हा गळ केवढ्याला?
विकायचा नाही, टेल्झे म्हणाली,
तराजूवरचं पाणी पुसत.
मागच्या वेळी सात दिले होते.