द्वारा

धनकवडीत शिडीवरून केबलवाला चांदगुडे सांगतो:
चारशे फ्लॅट, मॅडम, बाहेर नंबर एकच.
जगातले संपले. नवे लांबलचक आलेत म्हणे,
आपल्या गल्लीत अजून नाहीत.

मग मी राहते कुठे?

तुम्ही हाक मारा, उत्तर तुमच्याच दारात येणार.
पण आपणहून कुणी
शोधत आलं, तर गेटवरूनच परत.

नारायण पेठेत कॉटवर होते तेव्हा
पत्त्यात आधी ‘द्वारा खांबेटे’, मग मी.
तरी आईचं न मागितलेलं पत्र यायचं,
खांबेटेबाई जिन्यातून माझं नाव ओरडायच्या,
शेवटचं अक्षर दरवेळी चुकवून.

चांदगुडे शिडी खांद्यावर टाकून निघतो.
हिरवा दिवा लुकलुकतो.
मी उगाचच काहीतरी विचारून ठेवते.