क्रमांक दोन

घोरपडी पेठेतली बालवाडी. खुर्च्या गुडघ्याएवढ्या,
भिंतीवर अननसाचा अ.
पहाटे साडेपाचला खोटं मतदान घेतलं,
पन्नास मतं. पुसली. सील लावलं.
मी मतदान अधिकारी क्रमांक दोन,
एरवी मिळकतकराची खिडकी.

शेजवलकर काका काठी आपटतात,
"इथं वरिष्ठ कोण?"
केंद्राध्यक्ष, ते काय, डबा उघडून बसलेत.
"त्यांच्या वर?"
झोनलसाहेब. मग कलेक्टर कचेरी, मग मुंबई, मग दिल्ली.
"आणि दिल्लीच्या वर?"
रांग हसते.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पेटी
म्हणे विमानातून जाते,
तिला स्वतःची सीट, खिडकीशेजारी.
आमचं यंत्र काल पीएमटीनं आलं,
माझ्या मांडीवर.
स्वारगेटच्या वळणावर ते कलंडलं
तेव्हा मी त्याला
झोपलेल्या पोरासारखं पोटाशी धरलं.
कुणी सांगितलं नव्हतं तसं.
हँडबुकातही नाही.

"काका, डावा हात."
बोट थरथरतं. मी ते धरून ठेवते,
नखावरून कातडीवर
एक रेघ.
"वाळेपर्यंत पुसू नका."
ते हात वर धरून उभे, शाळेतल्यासारखे.

"यंदा कर दुप्पट लावलाय तुम्ही."
"सोमवारी या, काका. खिडकी चार."