पूर्णविरामाची कळ

नातीच्या कॉलेजच्या पुस्तकात
एक आख्खं प्रकरण आहे मंगळवारवाल्यांवर
ती वाचून दाखवते, डोळे आता तिचेच
'युद्धानंतरच्या कवितेतून या मंडळींनी
पूर्णविराम हद्दपार केला
वाक्य संपवणं म्हणजे हुकूम सोडणं
ओळ असावी श्वासाएवढी'
मी वाटाणे सोलत असते
म्हणते, हो का

अगं, कळ तुटली होती टाइपरायटरची

सॅन फ्रान्सिस्को, छप्पन्नचा हिवाळा
लॉन्ड्रीच्या वरची खोली, फरशी खालून ऊबदार
दिवसा मी विमा कंपनीत
बुडालेल्या मालाच्या याद्या टाइप करायची
रात्री यांच्या कविता, पानाला पाच सेंट
ऑरिन टॅकेटने ते कधीच दिले नाहीत
एकदा मासा आणला वर्तमानपत्रात गुंडाळून
खवल्यांवर अर्धी बातमी उमटलेली
मिनोरू मात्र मोजून द्यायचा
पोरवयात तीन वर्षं काटेरी तारांआड काढलेली
या देशाचं काही देणं ठेवायचं नाही, म्हणायचा
आणि थॅडियस वाचायला उभा राहिला
की खाली लियूंची इस्त्री थांबायची
एका शर्टाची बाही त्यात जळली, ती मी भरून दिली

मशीन लष्कराच्या भंगारातलं, अकरा डॉलरचं
विकणारा म्हणाला, यावर घरोघरची पत्रं निघायची
कळवण्यास दुःख होते की आपला मुलगा
टिंब
कळवण्यास दुःख होते की आपला
टिंब
तिथेच झिजली म्हणे
खरंखोटं त्याला ठाऊक
भंगारवाले गिऱ्हाईक बघून बोलतात

मी आपली टिंबाच्या जागी जागा सोडायची, बोटभर
ऑरिनने पाहिलं, म्हणाला, राहू दे
मग पहाटेपर्यंत भांडले सगळे त्या रिकाम्या जागेवरून
पुढे न्यूयॉर्कच्या पोरांनी जागा सोडली
मग लंडनच्या, मग टोकियोच्या
मग ज्यांच्या घरी धडधाकट मशीन होतं त्यांनीही

पण आजी, त्यांचा जाहीरनामा होता ना
होता तर
तोही मीच टाइप केला, दोन वर्षांनी

हसत नाही गं मी त्यांना
मोडकं मशीन कुणाच्याही घरी असतं
मी तर दुरुस्तीला द्यायचे पैसेसुद्धा बाजूला काढले होते

एकसष्टला ऑरिन गेला, हॉटेलच्या खोलीत
मिनोरू त्याचं शेवटचं पान घेऊन आला
मी टाइप केलं
मग पेन उघडलं आणि शेवटी
हाताने दिलं एक
.
मिनोरू काही बोलला नाही
पाच सेंट ठेवून गेला

बघ बरं तुझ्या पुस्तकात आहे का ते
आहे, आजी, खाली तळटीपही आहे
'हे टिंब बहुधा छपाईतला दोष'

कुठे, दाखव
ती माझं बोट धरून त्यावर ठेवते
ही कळ काही झिजली नाही

वाटाण्यात एक अळी निघते
मी ती खिडकीतून बाहेर, हळूच