तीन हेडफोन आणि एक तंबोरा

शेफील्डला ॲबीडेल रोडवर
डेझमंड हॅलमचं दुकान आहे, जुन्या ॲम्प्लिफायरांचं.
शनिवारी दोन ते चार. आधी फोन करून जायचं.
त्यानं टेबलावर तीन हेडफोन मांडून ठेवले होते,
तिन्ही बंद पाठीचे. मीच तसं सांगितलेलं:
माझं गाणं शेजारी जाऊ नये,
शेजारचं भांडण माझ्याकडे येऊ नये,
आमच्या रांगेतल्या घरांची भिंत म्हणजे नुसता पापुद्रा.

लोक पारखायला ऑर्गन आणतात म्हणे, ड्रम,
काच फुटल्याचा आवाज.
मी फोनमधून आणला होता तंबोरा.
मिरजेच्या दुकानात अण्णा जवारी काढताहेत,
चार मिनिटं, एकच माइक,
भाच्यानं स्टुलावर फोन ठेवून घेतलेली.
"गाणं कधी सुरू होतं?" डेझमंडनं विचारलं.
होत नाही, म्हटलं.

पहिला काळा, जड, लुसलुशीत गाद्यांचा.
खर्ज असा आला की कुणी भरलेलं पिंप सरकवतंय.
सगळंच गोड, लग्नातल्या आमटीसारखं,
गूळ जरा जास्त.
घोडीवर सूत सरकतं आणि तार एकदम उमलते ना,
ती याच्यात उमललीच नाही.

दुसरा हडकुळा. कानाला टोचणारा.
यानं काही झाकलं नाही:
कानशीचा खरखराट, अण्णांच्या छातीतली शीळ,
मागे कुणी फरशीवर ठेवलेला चहाचा ग्लास,
आणि पंचम,
केसभर उतरलेला.
मला हसू आलं. अण्णांचा पंचम!
पण खर्ज पातळ. डेझमंड म्हणाला, चष्मा काढा.
काडीमुळे फट राहते,
खालचे सूर तिथून निसटतात.
काढला. दुकान पुसट झालं,
आणि इतका वेळ दाराशी घुटमळणारा खर्ज
आत येऊन बसला.

तिसरा अक्रोडाच्या लाकडाचा. किंमत मी विचारली नाही.
याच्यात खोली होती.
अण्णांच्या पाठीमागे भिंत होती,
भिंतीवर टांगलेले कोरे भोपळे
आपापलं घुमत होते.

तरी काहीतरी खुपत होतं.
तिन्हींत अण्णा जरा उजवीकडे बसलेले.
तुमच्या वायरीत दोष आहे, मी म्हटलं.
एकाच माइकचं आहे, तो म्हणाला, मधोमध यायला हवं.
मग हेडफोन उलटे करून घातले माझ्या डोक्यावर.
आता अण्णांनी उठून डावीकडे जायला हवं होतं.
ते हलले नाहीत.
जिथे होते तिथेच, कानस चालवत.

डेझमंड काही बोलला नाही.
चष्मा घातल्यावर दिसलं,
त्याच्या कानामागे कातडीच्या रंगाचं
एक छोटं यंत्र.

बावीस वर्षं मी या गावाच्या दाढा कोरतेय.
ड्रिल हातात, मान वाकलेली,
डावा कान सगळ्यात जवळ.
अण्णाही हाडच घासतात, सांबरशिंगाचं;
पण दोन हात मारले की थांबतात,
तार छेडतात, ऐकतात,
मग पुन्हा अर्धा हात.
माझ्याकडे बाहेर पुढचा पेशंट बसलेला असतो.

दुसराच घेतला, हडकुळा.
आवाज थोडा डावीकडे कसा झुकवायचा
ते दाखवू का, डेझमंडनं विचारलं.
आज नको, म्हटलं.

रविवारी अण्णांना फोन लावला.
तुमचा पंचम उतरला होता.
"होताच," ते म्हणाले, "मग चढवला मी.
तुला आत्ता ऐकू आला होय?"
आणि सर्दी कशी आहे, बर्फ पडलं का, वगैरे.

फोन उजव्या कानाशी होता.
किती वर्षं तो तिकडेच धरतेय,
मला आठवेना.