खाली डाग नाही

दोन दिवसांत एक लिटर.
मी काडी घालून मोजतो, वहीत लिहितो,
डिझेलच्या हिशेबाशेजारी.
रात्री गाडीखाली पेपर पसरला, चार कोपऱ्यांवर चार चिरे.
सकाळी कोरडा.
निधनवार्ता वाचता येतील इतका कोरडा.

काटा मात्र बोरीच्या चढावर लालाकडे सरकतो.
मी बाजूला थांबतो, बॉनेट उघडतो,
वाफ तोंडावर घेतो.
मागून कदंबा हॉर्न देते, जणू
मी हौसेनं उभा आहे.

कुडचड्याला फाटकापलीकडे कायतान मेस्त.
एक खड्डा, माडाला टांगलेली साखळी,
आणि पाने ठेवायला मोडक्या पियानोचं झाकण.
तो आधी इंजिनाला हात लावत नाही.
विचारतो,
पाणी पितंय कोण, सिलिंडर की रस्ता?

ऑइलची काडी ओढून दोन बोटांत चोळतो.
दुधाळ नाही. म्हणजे हेड वाचलं.
सायलेन्सरमागे तळवा धरतो, हुंगतो,
माझ्याकडे बघतो,
पँटला पुसतो.
वरचा पाइप नवा. खालचा गेल्या चवथीला बदललेला.
पंपाच्या पोटाखालचं भोक कोरडं.
मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप, दाब दहावर,
आणि दोघं पाटावर.
चहा येईपर्यंत नऊ.
चहा संपेपर्यंत आठ.
कुठे, ते इंजिन सांगत नाही.

त्यानं माझं विहिरीचं पाणी सगळं सोडून दिलं,
गंजाच्या रंगाचं,
आणि हिरवं कूलंट भरलं.
पाणी तापलं की उडून जातं, म्हणाला,
हिरवं मागे काहीतरी ठेवतं.
सांडलेल्या थेंबाकडे गॅरेजचं कुत्रं आलं
तेव्हा त्यानं तेरा नंबरचा पाना फेकला, मुद्दाम चुकवून.
गोड लागतं मरे त्याला. मग रात्रीत जातं.

दुसऱ्या दिवशी पहाटे,
पोदेराचा भोंपू अजून वरच्या वाड्यात,
इंजिन गार,
कायतान आतून एस्पेरांसबायची पावडर घेऊन आला.
तिला न विचारता.
ब्लॉकच्या अंगावर फुंकली,
जुन्या स्कूटरचा आरसा स्टार्टरमागे घातला
आणि म्हणाला, रांव.

पांढऱ्यावर एक रेघ.
मुंगी चालल्यासारखी, वरून खाली, सावकाश,
आणि जिथे थांबली तिथे हिरवट मीठ.
ब्लॉकच्या अंगातलं गोल टोपण,
जे मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.
आहे हेही माहीत नव्हतं.

गाडी धुतलीस?
पासिंगला. प्रेशर मारून. एवढी एकच बाजू,
नंतर त्याची वीज गेली.
त्याआधी कधी?
मी आठवून पाहिलं.
खनिज भरायचो तेव्हा कोण धुतंय. दिवसाला पाच फेऱ्या,
धूळ दातांत, धूळ लेकीच्या वह्यांत.
मग खाण थांबली, गाडी तीन पावसाळे उभी,
मग चिरे.

कायतान काही वेळ बोलला नाही.
छिन्नी लावली, दोन ठोके.
टोपण हातात आलं, सुकवलेल्या आमसुलासारखं,
तेवढंच पातळ, त्याच रंगाचं.
धरून होती ती माती, म्हणाला.
तू तिला काढलंस.

नवं पितळेचं, ऐंशी रुपये.
मजुरी पुढच्या खेपेला.
एस्पेरांसबाय दारात रिकामा डबा घेऊन उभी होती,
म्हणून आम्ही लवकर आटोपलं.

आता बोरीला काटा मधोमध राहतो.
मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतो.
आणि त्या दुसऱ्या बाजूला, एक्झॉस्टमागे,
तीन टोपणं अजून तशीच, लाल चिखलाखाली.
कायताननं आरशात दाखवली होती,
आरसा लगेच काढून घेतला,
म्हणाला, तिकडे पाण्याचा पाइप नेऊ नकोस.