वजनाचा रकाना

अमळनेर यार्डात मी नवा कारकून.
खिशात टेप होती, काटा मात्र मोडलेला.
लांबी नऊ फूट, रुंदी दहा इंच, जाडी पाच.
सालाचं लाकूड, डांबरतेल पाजलेलं.
वैशाखात ते परत ओकायचं,
रजिस्टरच्या पानापानावर
माझी बोटं काळी उमटायची.

बोरीच्या पुलावरचे वेगळे :
आखूड, पण जाड,
तालमीतल्या वस्तादासारखे.
तेही मांडले.

उरला वजनाचा रकाना.
धुडकू मुकादमाला विचारलं, किती भरेल?
त्यानं सिलपाटाकडे पाहिलंच नाही,
आपल्या गँगकडे पाहिलं.
"दोन मानूसना शे, सायेब.
वल्ला व्हई त आडीच."

तसंच लिहिलं. दोन. दोन. अडीच. दोन.
वरच्या हापिसातून लाल शेरा आला :
अर्धा माणूस म्हणजे काय,
खुलासा करावा.

अर्धा माणूस म्हणजे उखाचा वंजी.
वय चौदा, हजेरीपटावर अठरा.
पुढे बाप, मागे झिपरू,
मधोमध हा, खांद्यावर चुंबळ,
चुंबळीला आईच्या लुगड्याचा काठ.
तो बाजूला झाला तर फरक पडायचा का?
उखा म्हणायचा, पडतो.
आणि तो नसला की जास्त पडतो.
हे खुलाशात कुठल्या भाषेत लिहितात?
मी लिहिलं, "अंदाजे."

एकदा उखा तापानं पडला,
मी सदरा काढून खांदा दिला.
बारा पावलं. तेराव्याला धुडकू म्हणाला,
"ऱ्हाऊ द्या सायेब. तुम्ही पाव."
आठवडाभर मान उजवीकडे वळली नाही.
पगार मात्र पुरा मिळाला.

मग सिमेंटचे आले.
लांबी तीच, टेपला काही नवल नाही.
वजन चलनावरच छापलेलं : पावणेतीनशे किलो.
रकाना पहिल्यांदाच सरळ भरला.
धुडकूनं एकाभोवती फेरी मारली,
बोटं मोजली, पुन्हा मोजली.
"आठ," म्हणाला.
मग नऊ फुटांवर नजर फिरवून,
"पन इतला मावतीन नही."

दुसऱ्या दिवशी क्रेन आली.
क्रेनला कुणी विचारत नाही
ओला आहे का कोरडा.

लाकडी लिलावात गेले.
कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या दारात,
खिळ्यांच्या भोकांत मुंग्या घेऊन पडले असतील.
ते रजिस्टर कुठे गेलं, विचारलं नाही.

परवा नरडाण्याला गाडी क्रॉसिंगला थांबली.
रुळाकडेनं एक चावीवाला हातोडा घेऊन चालला होता.
मिशीत पांढरं, पोट थोडं सुटलेलं.
मी खिडकीतून ओरडलो, वंजी, आता किती रे तू?
त्याला आधी कळलं नाही.
मग कळलं, आणि असा हसला
की हातोडा खाली ठेवावा लागला.

उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता.
किती, ते गाडीतून नीट दिसेना.
मी सवयीनं खिसा चाचपला.